इथलेच टायर

त्या बाईने बॉनेटवर तळवा आपटला, एवढंच झालं. कुणाला लागलं नाही, काच फुटली नाही, गर्दीही जमली नाही. शाळेसमोरच्या सिग्नलला फुमेझाने नेहमीसारखा ब्रेक दाबला. समुद्राकडून आलेल्या धुक्याने रस्ता ओला होता, आणि गाडी थांबायची सोडून पुढे पुढे सरकतच राहिली. पाय ब्रेकवर पार तळाला टेकलेला, स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं, आणि तरी गाडीचं तिच्याशी काही देणंघेणं नसल्यासारखं ते सरकणं. समोर एक बाई, दोन हातांना गणवेशातली दोन पोरं. गाडी थांबली तेव्हा बाईच्या आणि गाडीच्या मध्ये जेमतेम वीतभर जागा उरली होती. बाईने एका पोराचा हात सोडला आणि तळवा बॉनेटवर आपटला. ओरडली नाही, शिवी दिली नाही. काचेतून फुमेझाकडे सरळ बघत म्हणाली, "टायर बघ गं तुझे," आणि पोरांना घेऊन पलीकडे गेली.

फुमेझाने पुढच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी लावली आणि उतरून टायर पाहिले. रोज समोर असायचे, पण पाहिले असे आजच. नक्षी नावालाही उरली नव्हती. पुढच्या डाव्या टायरचं रबर तर आतल्या बाजूने इतकं झिजलं होतं की पोलादी तारांची टोकं बाहेर आली होती, केसांसारखी बारीक, चकचकीत. तिने बोट लावलं आणि लगेच मागे घेतलं. टोचलं म्हणून नव्हे. घासलेल्या रबराचा ऊन ऊन वास नाकात गेला. भिंतीला टेकून ती थोडा वेळ उभी राहिली. शेजारून जाणाऱ्या भाजीवाल्याने विचारलं, "बरं वाटत नाही का?" ती म्हणाली, "नाही, ठीक आहे," आणि गाडीत बसली. मग कामावर पोचेपर्यंत तिने गाडी इतकी हळू चालवली की मागचे टॅक्सीवाले हॉर्न वाजवून वाजवून थकले.

ती एका मोठ्या सुपरमार्केटच्या बेकरीत होती. लग्नाचे, बारशांचे केक तिच्या हातचे असत. त्या दिवशी तिच्या हातून गुलाबाच्या पाकळ्याच उमटेनात. क्रीमची पिशवी दाबली की पाकळीची शेपटी व्हायची. तिने तीन गुलाब खरवडून काढले, मग शिकाऊ मुलीला सांगितलं, तू कर. ती बेकरीच्या कामाला का लागली, हे तिला कधी कुणी विचारलं नव्हतं. शिकली असती तर तिला कचेरीत नोकरी मिळाली असती, वडिलांची तशी इच्छाही होती. पण व्हॅनिलाचा वास केसात, डोक्याच्या रुमालात, बोटांच्या पेरांत बसतो, घरी जाऊन अंघोळ केली तरी जात नाही, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं आणि तिने तिथेच राहायचं ठरवलं होतं. लहानपणी त्यांच्या घराला दुसराच वास होता. वडील, म्हणजे टाटा, टायरच्या कारखान्यात होते. टायरच्या काठात तारेचं कडं असतं, चाकाला घट्ट धरून ठेवणारं. ती कडी गुंडाळण्याच्या खात्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं. आई त्यांचे कपडे वेगळ्या टबात धुवायची. तरी पाव, उशी, चर्चचा कोट, सगळ्याला तोच वास. फुमेझाला तेव्हा तो आवडायचा. वडील आले, असा त्याचा अर्थ होता. तो वास नकोसा कधी झाला, ते तिला नेमकं ठाऊक होतं आणि त्या बाजूला ती जात नसे. आज मात्र गुलाब खरवडताना कान पुन्हा पुन्हा तोच आवाज ऐकत होते. पत्र्यावर तळवा. आणि तिच्या लक्षात आलं की कान ऐकतात तो पत्र्याचा आवाज नाहीच. लाकडाचा आहे.

संध्याकाळी टाटा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. पंचाहत्तरीला आलेला माणूस, खांदे अजून रुंद, पण जिना चढताना दम लागायचा. पेडीजवळच्या गावी त्यांचा धाकटा भाऊ वारला होता, शनिवारी माती होती, आणि शुक्रवारी सकाळी निघायचं ठरलं होतं. फुमेझाचा नवरा केपटाऊनच्या बंदरात कामाला, महिनाअखेरीला यायचा. तेव्हा गाडी तीच चालवणार. तिने सिग्नलचं सांगितलं. तळव्याचं सांगितलं नाही.

"मी कधीपासून म्हणतोय," टाटा म्हणाले. "चारही बदल. आणि इथले घे."

"इथले म्हणजे?"

"इथले म्हणजे इथले. या गावात बनलेले. बाजूला लिहिलेलं असतं, वाचता येतं तुला."

फुमेझाची मुलगी आखोना दारातून मोबाइलवरचं तोंड वर न करता म्हणाली, "आजोबा, बाहेरचे स्वस्त आहेत. माझ्या मैत्रिणीकडे तेच आहेत, काही होत नाही."

"तुझ्या मैत्रिणीचे आजोबा कुठे होते कामाला?"

"पोस्टात."

"मग त्यांना काय विचारायचं. पत्रं काय, कुठल्याही चाकावर जातात."

आखोना हसली. फुमेझाला हसू आलं नाही. ती एवढंच म्हणाली, "तुमचा कारखाना तर बंद पडला, टाटा. कुणाची बाजू घेताय?"

"दुसरा चालू आहे अजून. तिथे माझ्या हाताखालची पोरं आहेत. त्यांचीही आता पोटं सुटली असतील." मग थोडं थांबून, "आणि मला त्या रस्त्याने जायचंय तर इथल्याच टायरवर जायचंय."

"गावाला जायला डांबरी रस्ता आहे सगळा."

"इथलेच घे," टाटांनी पुन्हा सांगितलं. शहराचं नाव बदलून ग्केबेऱ्हा झालं तरी ते जुन्या सवयीने बायीच म्हणत, तसंच हेही. एकदा मनाशी धरलं की सोडायचं नाही. फुमेझा भांडी घासायला आत गेली आणि तिथे नळाखाली हात धरून उभी राहिली. तिला इथले टायर नको होते. कुठलेही चालतील, चीनचे, जपानचे, ज्यांचा आपल्याशी काही संबंध नाही, जे कधी आपल्या गल्लीत आले नाहीत असे. पण का, हे वडिलांना कसं सांगायचं? सांगायचं तर त्या संध्याकाळचं बोलावं लागणार, आणि त्या संध्याकाळचं या घरात कुणी, कधीच, एक अक्षर काढलं नव्हतं. आईसुद्धा न बोलता गेली.

सोलोमझी नावाचा माणूस होता. टाटांच्याच खात्यात, त्यांच्याच पाळीला, गल्लीत चार घरं सोडून खोली घेऊन राहणारा. लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे रविवारचं जेवण यांच्याकडे. मक्याचा भरडा आणि आंबट दूध तो दोनदा मागून घ्यायचा आणि फुमेझाला तारेचे तुकडे वाकवून बैल करून द्यायचा. ती आठ वर्षांची असेल. गोऱ्यांच्या राज्यातलं ते वर्ष वाईट होतं. रोज कुठे ना कुठे धूर, शाळा बंद, पोलिसांच्या पिवळ्या गाड्या, मेलेल्यांच्या मिरवणुका. गल्लीतले पाच जण एका पहाटे उचलले गेले आणि लोक म्हणू लागले की नावं कुणीतरी दिली. पोलिसांना फितूर झालेल्याच्या गळ्यात टायर अडकवून पेटवतात, हे तेव्हा पोरांनाही ठाऊक होतं. सोलोमझीच्या अंगावर त्याच आठवड्यात नवं जाकीट दिसलं. एवढंच. जाकीट कुठून आलं, नावं दिली की नाही दिली, हे तेव्हा कुणाला कळलं नाही आणि पुढेही कळलं नाही. एका संध्याकाळी गाणं ऐकू आलं, पुष्कळ माणसांचं, चांगलं सुरात. फुमेझा खिडकीशी जायला निघाली तर आईने तिला मागून ओढलं आणि तोंडावर हात ठेवला. मग दार वाजलं. कुणी मुठीने ठोकत नव्हतं. उघड्या तळव्याने, भराभरा. आणि सोलोमझीच्या आवाजात टाटांना हाक, त्यांच्या कुळाच्या नावाने, मान देऊन मारतात तशी. "भेले. भेले." टाटा दाराला पाठ लावून उभे होते. त्यांचे डोळे मिटलेले होते. तळवा थोडा वेळ वाजला, मग थांबला. गाणं पुढे गेलं. नंतर तो वास आला. रोजचाच, घरातलाच, उशीचा आणि कोटाचा. पण इतका की दारंखिडक्या लावूनही घर त्याने भरून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फटीतून पाहिलं. टायर जळाला की रबर जातं, तार राहते. रस्त्यावर काळं वर्तुळ होतं आणि टाटा त्याच्याशेजारी उकिडवे बसून तारा गोळा करत होते. हातात कारखान्याचे हातमोजे, बाजूला आईची एनॅमलची परात. बारीक बारीक तुकडेसुद्धा ते बोटांनी उकरून काढत होते. कुणी त्यांच्याजवळ गेलं नाही. पुढे चाळीस वर्षं फुमेझा त्या पाठमोऱ्या माणसाला पाहत आली होती आणि तो काय करत होता ते तिला उमगलं नव्हतं. कधी तिला वाटे, ते कडं आपल्या खात्यातलं आहे का, हे ते बघत होते. कधी त्याहून वाईट वाटे: कारखान्याचा माल म्हणून गोळा करत होते. काही दिवस, तरुणपणी, ती त्यांच्याशी धड बोलतही नसे, आणि आई म्हणायची, पोरीला झालंय काय.

बुधवारी तिने वडिलांना घेऊन गाडी जाफ्टाच्या दुकानात नेली. एकटीच जाऊन बाहेरचे टायर बसवून आणावेत, असं तिच्या मनात होतं; पण टाटा सकाळीच टोपी घालून गाडीत जाऊन बसले होते. जाफ्टा ओळखीचा, गोलमटोल, तोंडाने सतत काहीतरी चालू, आणि प्रत्येक बाई त्याची 'सिसी', म्हणजे ताई. त्याने गाडीखाली डोकावून शीळ घातली.

"सिसी, यावर तू गाडी चालवत होतीस? हे टायर नाहीत, हे फुगे आहेत."

"म्हणून तर आले."

"आणि म्हातारबांना बसवून? तुमचं आयुष्य मोठं आहे बघा, काका."

"आयुष्य मोठंच आहे," टाटा म्हणाले. "इथले दाखव."

जाफ्टाने दोन्ही दाखवले. बाहेरचे वेष्टणात होते, नाव कुठल्या तरी वाघासारखं. इथले उघडेच रचून ठेवलेले. फुमेझाने घाईघाईने विचारलं, "फरक काय पडतो? खरं सांगा."

"खरं सांगू? तुम्ही पेडीपर्यंत जाणार, परत येणार. हेही नेतील, तेही नेतील. इथले जरा जाड अंगाचे, दगडधोंड्याला बरे. बाहेरचे गप्प चालतात, आवाज कमी. बाकी काकांना विचारा, ते मला शिकवतील."

"मी काही शिकवत नाही," टाटा म्हणाले. "मला टायरमधलं कड्याशिवाय काही कळत नाही." ते रचलेल्या टायरांपाशी गेले आणि एकाच्या काठावरून त्यांनी आतून अंगठा फिरवला, सावकाश, पुरता गोल. फुमेझाला तो अंगठा बघवेना.

"मी बाहेरचे घेते," ती म्हणाली. आवाज तिच्या मनात होता त्याहून मोठा निघाला. जाफ्टा दोघांकडे बघून म्हणाला, "मी चहाचं बघतो," आणि आत गेला.

टाटा वळले. "का?"

"का म्हणजे? मला नकोत. मला घरात नकोत, गाडीखाली नकोत. पोरीला घेऊन हिंडते मी त्या गाडीतून." मग ज्या वाक्याच्या आसपासही ती इतकी वर्षं फिरकली नव्हती ते अगदी साध्या आवाजात बाहेर आलं. "टाटा, त्या सकाळी तुम्ही तारा का गोळा करत होतात?"

दुकानात कुठेतरी हवा भरण्याचं यंत्र सुरू झालं आणि बंद पडलं. टाटांनी टायरवरचा हात काढला नाही. फुमेझाला वाटलं, ते आता म्हणतील, कुठली सकाळ. पण ते म्हणाले, "तू बघत होतीस?"

"फटीतून."

"तुम्ही पोरं अनवाणी हिंडायचात," ते म्हणाले. "त्या रस्त्याने शाळेत जायचात. तारेचं टोक पायात गेलं की निघत नाही, आत पळतं. कारखान्यात आमच्या एकाचा पाय कापावा लागला होता." त्यांचा अंगठा पुन्हा काठावरून फिरू लागला. "सगळ्या मिळाल्या नाहीत. मी दोन-तीन दिवस बघत होतो. पाऊस पडला की एखादी वर यायची."

फुमेझा खाली टायरांच्या थप्पीवरच बसली. पायात तार गेल्याचं तिला आठवत नव्हतं. कुणाच्याच पायात गेल्याचं आठवत नव्हतं. तिला हलकं वाटायला हवं होतं आणि वाटलं नाही. उलट चाळीस वर्षं उराशी धरलेलं ओझं एकदम ठेवायला लागल्यासारखे हात रिकामे आणि अवघडलेले झाले. रागावण्याची इतकी सवय झाली होती. आणि दाराचं काय? दाराचं तिने विचारलं नाही. तो तळवा त्यांनीही ऐकला होता, तिने ऐकला त्याहून जवळून, पाठीच्या हाडांनी. त्यात विचारायचं काय होतं.

जाफ्टा चहा घेऊन आला. "ठरलं?"

"इथले बसवा," फुमेझा म्हणाली. त्यात आनंद नव्हता की माघारही नव्हती. तिला एवढंच वाटलं की आता कुठलेही टायर घेतले तरी ते इथलेच असणार.

शुक्रवारी निघाले. जाफ्टाने बजावलं होतं की नवं रबर सुरुवातीला निसरडं असतं, पहिले काही मैल दमाने घ्या. म्हणून शहराबाहेर पडेपर्यंत तिने गाडी रांगवतच नेली. आखोना मागे झोपली होती, मांडीवर मातीच्या जेवणासाठी घेतलेल्या वड्यांचा डबा. टायरांचा आवाज खरंच मोठा होता, एकसारखा गुणगुणल्यासारखा, आणि फुमेझाला राहून राहून वाटे की चाकात काहीतरी अडकलंय. दोनदा ती थांबली, उतरून पाहिलं, काही नव्हतं. टाटा म्हणाले, "नवीन आहेत, बोलणारच." मखांदा शहर मागे पडलं, फिश नदीचा उतार लागला, दोन्ही बाजूंना काटेरी झुडपं आणि लाल फुलांच्या कोरफडी. पूल ओलांडून गाडी वर चढली तशी टाटा ताठ बसले. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली.

"पुढे पांढऱ्या टाकीपाशी डावीकडे घे."

"गाव तर सरळ आहे."

"माहितीये. माती उद्या आहे. आज डावीकडे घे."

"तिकडे कोण आहे आपलं?"

"सोलोमझीचं घर आहे," टाटा म्हणाले. त्या नावाला त्यांच्या आवाजात काही गंज चढला नव्हता. रोज घेतलेलं नाव घ्यावं तसं ते सहज आलं. "आईबाप गेले. बहीण आहे, नोसाखेले. तिकडून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून मी खबर ठेवून असतो."

"कधी गेला होतात तुम्ही?"

"नाही गेलो."

टाकी आली. फुमेझाने गाडी कडेला घेतली आणि इंजिन चालूच ठेवलं. डावीकडे खडीचा रस्ता टेकडीवर जात होता, पाण्याने चिरलेला, मध्येच डोकं वर काढलेले खडक. सरळ गेलं तर अर्ध्या-पाऊण तासात काकूंच्या घरी चहा होता, रडणारी माणसं होती, त्यांच्यात मिसळून जाता येणार होतं. तिथे कुणी दार लावणार नव्हतं की उघडणार नव्हतं. इथे ती बाई तोंडावर थुंकली तर? तिने हाकलून दिलं, आणि टाटांना तिथेच काही झालं तर? तिने वडिलांकडे पाहिलं. ते रस्त्याकडे बघत होते आणि त्यांचा उजवा अंगठा टोपीच्या कडेवरून फिरत होता. यासाठीच जाड अंगाचे टायर हवे होते या माणसाला. सरळ सांगितलं असतं तर आपण नेलं असतं का? तिने गाडी डावीकडे घातली.

खडी चाकाखालून उडून पत्र्यावर वाजू लागली तशी आखोना जागी झाली. "कुठे आलो आपण?"

"आजोबांच्या मित्राकडे," फुमेझा म्हणाली.

शेवटचं घर हिरव्या रंगाचं, गोल, गवताने शाकारलेलं, आवारात शेळ्या. आवाज ऐकून एक म्हातारी फाटकाशी आली. डोक्याला रुमाल, हातात कणसं सोलता सोलता तसंच राहिलेलं कणीस. टाटा उतरले. फाटकाबाहेरच उभं राहून त्यांनी टोपी छातीशी धरली आणि आपल्या कुळाचं नाव सांगितलं. म्हणाले, "मी सोलोमझीबरोबर कामाला होतो. एकाच पाळीला. शेजारीच राहायचो." एवढं बोलून त्यांचे शब्द संपले. पुढचं वाक्य येतंय, येतंय, असं फुमेझाला त्यांच्या पाठीकडे बघून दिसत होतं आणि ते येत नव्हतं.

म्हातारीने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग गाडी पाहिली, आतली माणसं पाहिली. घाई केली नाही.

"भेले," ती म्हणाली. "तो सुट्टीवर आला की तुमच्या घरच्या जेवणाचं सांगायचा." कणसावरचं एक साल तिने ओढून काढलं. "इतकी वर्षं रस्ता सापडला नाही होय?"

"रस्ता माहीत होता," टाटा म्हणाले.

म्हातारीने मान हलवली. तिला हेच ऐकायचं होतं की याहून काही दुसरं, ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं. तिने फाटकाची तार काढली आणि फाटक पायाने मागे रेटलं. गाडीकडे हात करून, टाटांकडे न बघता, ती म्हणाली, "पोरी, गाडी झाडाखाली घे. ऊन चढेल आता."

फुमेझाने पहिला गियर टाकला आणि शेळ्यांना चुकवत गाडी हळूहळू आत घेतली.